माझ्या जागी उतरलेला माणूस

नाकाला रुमाल लावायचा असेल तर खुशाल लावा, मित्रांनो. मला त्याचं वाईट वाटत नाही. मी सक्शन गाडी आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. माझ्या पाठीवर जे लांबट हिरवं पिंप दिसतं ना, ते माझं पोट. बाजूला गुंडाळून ठेवलेला जाड पाइप ही माझी सोंड. शौचालयाची टाकी भरली की लोक मला बोलावतात. मी सोंड आत सोडते, आतला मैला पोटात ओढून घेते आणि गावाबाहेरच्या गाळाच्या खड्ड्यांवर नेऊन रिकामी होते. काम झालं की लोक पाठ फिरवतात. तसं माझं आयुष्य साधंच आहे. पण त्यात एक दिवस असा आला, की तो सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवून, जोडून, घासून माझं पोट तयार केलं, त्याखाली पंप बसवला आणि पंपाशेजारी एक लोखंडी दांडा. कारखान्यातला माणूस मला पोचवायला नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी आला तेव्हा त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. दांडा इकडे केला की मी ओढते, तिकडे केला की फुंकते. पाइपात काही अडकलं तर फुंकून पाइप मोकळा करायचा.

त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या कचेरीसमोर छोटा मांडव घातला होता. मला झेंडूचे हार, लिंबू-मिरची, पुढच्या चाकाखाली नारळ. त्या माणसाने दांडा फिरवून मला फुंकायला लावलं, आणि समोर उभ्या असलेल्या पुढाऱ्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर सगळी धूळ उडाली. लोक पोट धरून हसले. मीही मनातल्या मनात हसले. त्यानंतर तो दांडा त्या बाजूला कुणी फिरवला नाही.

मला दोन माणसं मिळाली. ड्रायव्हर रंगनाथमामा आणि पाइपवाला प्रवीण. रंगनाथमामांचं घर शेतकऱ्याचं, मळ्यात राहणारं. सुरुवातीला ते गावात सांगायचे, "मी पान्याच्या टँकरवर हाय." भावकीतल्या एकाने त्यांना भर बाजारात माझ्या स्टेअरिंगवर पाहिलं तेव्हा ते गप्प झाले. मग पुढे कुणी विचारलं तर सरळ सांगू लागले. प्रवीणला मात्र सुरुवातीपासून माझा अभिमान होता, आणि त्याला कारण होतं.

प्रवीणचे वडील आसाराम. गावाच्या खालच्या अंगाला बुद्धविहाराजवळच्या वस्तीत त्यांचं घर. त्यांच्या काळी माझ्यासारखी गाडी नव्हती. बादली, दोर आणि आसाराम, एवढ्यावर गावातल्या टाक्या साफ व्हायच्या. माणसं त्यांना टाकीत उतरवायची आणि वरून सांगायची, अजून थोडं राहिलंय. पुढे त्यांच्या छातीने दगा दिला. ते गेल्यावर प्रवीणच्या आईने, चांगुणाबाईंनी, पोरांना जवळ बसवून सांगितलं, "आपल्या घरातलं कुनीबी परत त्या भोकात उतरायचं न्हाई."

म्हणून प्रवीण कामाला लागला त्या दिवशी चांगुणाबाई मला बघायला आल्या. मला दोन्ही बाजूंनी फिरून पाहिलं. मग माझ्या पाइपाला हात लावून त्यांनी विचारलं, "ह्येच उतरतं ना खाली? माझं पोरगं न्हाई ना?"

"न्हाई मावशी," रंगनाथमामा म्हणाले. "पाइप खाली, पोरगं वर."

मित्रांनो, कारखान्याने मला पंप दिला, पण मी कशासाठी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आम्ही खूप फिरलो. पाथर्डी, शेवगाव, नेवाशाच्या बाजूची गावं. तिसगावच्या बाजारात माझ्यामागे अडकलेली वाहनं हॉर्न वाजवून कान किटवायची. शनी अमावस्येला शिंगणापूरला जावं लागे. तिथल्या घरांना दारं नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. पण यात्रेकरूंसाठी उभ्या केलेल्या संडासांना दारं असायची, आणि त्यांच्यामागच्या टाक्या माझ्या वाट्याला. प्रवीण हातमोजे घालायचा, काम झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा, कपडे बदलायचा आणि मगच चहाच्या टपरीवर जायचा. तरी टपरीवाला म्हणायचा, गाडी जरा लांब लावा.

तुमच्या पुस्तकात त्या टाकीला सेप्टिक टँक म्हणत असतील. आमच्याकडे मात्र सगळे सेफ्टी टाकी म्हणतात. सेफ्टी त्या नावातच आहे, टाकीत नाही. कोंडलेल्या मैल्यातून एक वायू तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो, आणि खूप झाला की माणसाचं नाकच बधिर होतं, वासही कळत नाही. माणसाला वाटतं, आता बरं आहे. आणि तिथेच तो पडतो.

वर्षं गेली तशी माझी हौस संपली. मला सावलीही मिळेना. कोंडवाड्याच्या भिंतीशी मी उन्हापावसात उभी राहू लागले. पिंपाचा रंग उडाला. पंप खोकल्यासारखा आवाज करू लागला. दांड्याला ग्रीस लावावं, सांधे तपासावेत, म्हणून रंगनाथमामा कचेरीत सांगून यायचे. तिथून उत्तर यायचं, पुढच्या महिन्यात बघू. गाडी चालतेय ना? मग झालं. मी चालत होते खरी. पण दांडा जागच्या जागी गंजत होता, आणि लोक टाकीत काय काय टाकत होते ते मीच जाणते. फाटकी लुगडी, लहान मुलांची डायपर, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पिशव्या. डोळ्याआड केलं की संपलं, असं त्यांना वाटायचं.

आणि मग तो वैशाखातला दिवस उजाडला.

प्रवीणच्या धाकट्या बहिणीचं, सायलीचं लग्न दुसऱ्या दिवशी होतं. सायली पाथर्डीत औषधांच्या दुकानात कामाला होती. लग्न ठरलं होतं शेवगावच्या सम्राटशी, आणि ते होणार होतं रस्त्याकडेच्या मोठ्या मंगल कार्यालयात. चांगुणाबाईंनी आयुष्यभर अशा कार्यालयांबाहेरच्या उष्ट्या पत्रावळी उचलल्या होत्या. त्यांची एकच इच्छा होती, की एकदा तरी आपल्या लेकीचं नाव त्या कमानीवर लागावं. ते लागलं होतं. प्रवीणने सुट्टी घेतली होती. नवा फिकट निळा सदरा घालून तो सकाळपासून मांडवात राबत होता. पुढच्या अंगणात हळदीची तयारी चालली होती.

दुपारी कार्यालयाचे मालक राधाकृष्णशेठ त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "प्रवीण, मागची टाकी भरलीय. संडासातून पाणी उलटं यायला लागलंय. गाडी तुझीच आहे, तूच बोलव."

प्रवीणने रंगनाथमामांना फोन लावला. "मामा, गाडी काढा. आपल्याच घरचं काम हाय."

आम्ही गेलो. कार्यालयाच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे ती टाकी होती. वर एक चौकोनी झाकण, जेमतेम एक माणूस मावेल एवढं. वॉचमन मच्छिंद्रने पहारीने झाकण उचललं. मी पहिली खेप ओढून नेली, गावाबाहेर रिकामी झाले, पाण्याने पोट खळबळून घेतलं आणि परत आले. आता तळाचा गाळ उरला होता. प्रवीणने पाइप आत सोडला. रंगनाथमामांनी पंप सुरू केला.

मी ओढलं. काहीच आलं नाही. पुन्हा ओढलं. पाइप थरथरला, पंप रडायला लागला. खाली पाइपाच्या तोंडाशी काहीतरी जाड, ओलं, घट्ट अडकून बसलं होतं. प्रवीण पाइप वर ओढायला गेला तर तोही हलेना. ते कापड खाली गाळात रुतलं होतं आणि त्याने पाइप धरून ठेवला होता.

"फुंकून बघू," रंगनाथमामा म्हणाले. त्यांनी तो दांडा दोन्ही हातांनी धरला आणि दुसऱ्या बाजूला रेटला. दांडा हलला नाही. त्यांनी रॉकेल ओतलं, पान्याने ठोकलं, पुन्हा रेटलं. मग कपाळावरचा घाम पुसून ते म्हणाले, "धरलाय पार गंजानं. जास्ती जोर लावला तर मोडंल. उद्या सकाळच्याला मेकॅनिक आनतो."

"उद्या?" राधाकृष्णशेठ म्हणाले. "अहो, उद्या लग्न आहे. पाहुणे आत्ताच यायला लागलेत. बायका संडासाला जाऊन तशाच परत येतायत."

मच्छिंद्र म्हणाला, "मागल्या साली मी उतरल्तो की. काय झालं न्हाई. कापड काढायचं आन वर यायचं."

उतर असं शेठने म्हटलं नाही, मित्रांनो, आणि उतरू नको असंही म्हटलं नाही. ते फक्त घड्याळाकडे बघत राहिले.

झाकण उघडं होतं. वैशाखाची झळ होती. वास भिंतीवरून पुढच्या अंगणात जात होता. स्वयंपाकघराच्या दारात आचाऱ्याची दोन माणसं कांदे चिरत बसली होती. त्यातला एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "कुनाचं लगीन हाय, ते वासावरनंच कळतंय." दोघं हसले.

प्रवीणने ते ऐकलं. मी त्याला इतकी वर्षं ओळखत होते. टपरीवाल्याने गाडी लांब लावायला सांगितली, तरी तो हसून घ्यायचा. त्या दिवशी तो हसला नाही. त्याने नव्या सदऱ्याची बटणं काढली, सदऱ्याची नीट घडी घातली आणि माझ्या मडगार्डवर ठेवली.

"काय करतोस?" रंगनाथमामा म्हणाले.

"दोर द्या."

"डोकं फिरलंय व्हय तुझं? आसारामचं काय झालं, इसरला का?"

"मामा, आयुष्यात एकदाच आईनं कमान मागितलीय. तिच्या पाव्हन्यांनी नाकाला पदर लावून जेवायचं व्हय? दम धरतो, कापड काढतो, वर येतो."

"आन तुझ्या आईला म्या काय सांगू?"

"तिला सांगूच नका."

रंगनाथमामांनी त्याचा दंड धरला. प्रवीणने तो सोडवला नाही, नुसता त्यांच्याकडे बघत राहिला. शेवटी मामांचाच हात सुटला. त्यांनी दोर काढला, त्याच्या काखेखालून घेऊन छातीला पक्का बांधला आणि दुसरं टोक माझ्या मागच्या हुकाला अडकवलं. त्या वेळी मला बोलता येत असतं ना मित्रांनो, तर मी ओरडले असते. पण माझ्याकडे एक हॉर्नच होता, आणि तो वाजवायलाही माणूस लागतो.

प्रवीणने मोठा श्वास घेतला, तोंड मिटलं आणि झाकणातून पाय आत टाकले. आतल्या भिंतीला लोखंडी कड्या होत्या, पायऱ्यांसारख्या. एक पाय, दुसरा पाय. त्याचे खांदे आत गेले. मग डोकं. माझा पाइप एकदा हलला, त्याने धरला होता. पुन्हा हलला. खालून चुबूक चुबूक आवाज आला. मग पाइप एकदम सैल झाला.

"निघालं," आतून प्रवीणचा आवाज आला.

निघालं म्हणायला त्याने तोंड उघडलं होतं. म्हणजे श्वास घेतला होता.

रंगनाथमामांना ते त्याच क्षणी उमगलं. "वर ये. वर ये, प्रवीण." खालून उत्तर आलं नाही. माझ्या हुकाला दोराचा हिसका बसला, आणि दोर ताठ झाला. एका माणसाचं सगळं वजन माझ्यावर आलं. मी इतकी वर्षं टनांनी मैला वाहिला, पण तेवढं जड मला कधी काही वाटलं नाही.

"पडला," मच्छिंद्र म्हणाला. त्याने हातातली काठी टाकली, आणि काही कळायच्या आत एक पाय झाकणात घातला. रंगनाथमामांनी त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला मागे खेचलं. दोघे जमिनीवर आदळले.

"सोडा, मरंल त्यो."

"तू गेलास तर दोघं मरत्याल. एक गेलाय खाली, दुसरा जायाचा न्हाई. पळ, मानसं आन."

मच्छिंद्र मांडवाकडे धावला. रंगनाथमामांनी आणि शेठने दोर ओढला. तो हातभर वर आला आणि अडकला. आतल्या एका कडीमागून दोर गेला होता. ओढावं तसा प्रवीण भिंतीला जास्तच घट्ट आवळला जात होता. शेठचं तोंड पांढरं पडलं होतं. एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने त्यांनी फोन काढला आणि अँब्युलन्सला पत्ता सांगू लागले. पत्ता रोजचाच होता, पण त्यांना तो सांगता येईना.

तेवढ्यात मच्छिंद्र मांडवाचा एक बांबू घेऊन परतला, आणि त्याच्यापुढे धावत सायली आली. तोंडाला, हातांना ओली हळद, अंगावर पिवळं पातळ, पायात काही नाही. मडगार्डवरचा सदरा तिने पाहिला, दोर पाहिला, आणि ती सरळ झाकणाकडे निघाली.

"वाकू नको तिथं," रंगनाथमामा ओरडले. "तोंड आत नेऊ नको."

ती थांबली. रडली नाही, ओरडलीही नाही. "मग काय करू ते सांगा."

"हवा पायजे त्याला. दांडा फिरला तर गाडी हवा टाकंल आत. पन दांडा अडकलाय."

माझ्या बाजूला लोखंडी पाइपाचा एक तुकडा नेहमी अडकवलेला असायचा, चाकाचे नट खोलायला. सायलीनेच तो ओढून काढला की मामांनी तिच्या हातात दिला, ते मला आता आठवत नाही. त्यांनी तो दांड्यावर चढवला. दांड्याची लांबी दुप्पट झाली. एका बाजूने मामा, दुसऱ्या बाजूने सायली. दोघांनी अंगाचा भार टाकला. माझ्या आत कुठेतरी कर्रकन आवाज झाला.

"मोडंल," मामा म्हणाले.

"मोडू द्या," सायली म्हणाली, आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलून ती त्या पाइपाला लोंबकळली.

दांडा फिरला.

मामांनी पाइपाचं गाळाने बुजलेलं पुढचं टोक जोडापासून सोडवलं, आणि मोकळा पाइप झाकणातून आत घातला, गाळाला न लागेल असा, वरच्या वरच. मग पंप सुरू केला. मित्रांनो, जन्मभर मी ओढत आले होते. आता मी फुंकलं. माझ्या पोटातली हवा काही मोगऱ्याची नव्हती, पण ते पोट नुकतंच धुतलेलं होतं, आणि पंप बाहेरची वैशाखातली गरम, कोरडी, स्वच्छ हवा खेचत होता. मी ती सगळी खाली लोटली. पंप तापला, पट्टा जळाल्याचा वास आला. मी थांबले नाही. झाकणातून कोंडलेला वायू बाहेर येऊ लागला तशी मामांनी सगळ्यांना वाऱ्याच्या उलट्या अंगाला सरकवलं.

"आता दोर सैल सोडा," मामा म्हणाले.

"सैल?" शेठ म्हणाले. त्यांच्या हातांना दोराचे वळ पडले होते. "खाली जाईल तो."

"कडीतनं सुटल्याबिगर वर येनार न्हाई. सोडा."

शेठ सोडेनात. त्यांना वाटत होतं, हात सैल केला की सगळं संपलं. सायली त्यांच्याजवळ गेली. "काका, सोडा," एवढंच ती म्हणाली. त्यांनी हात सैल केले. दोर खाली सरकला. मच्छिंद्रने बांबूच्या टोकाने दोर कडीवरून बाजूला ढकलायला घेतला. बांबू एकदा निसटला. दुसऱ्यांदा निसटला. तिसऱ्यांदा दोर कडीतून मोकळा झाला, आणि चौघांनी मिळून ओढलं.

आधी प्रवीणचे केस दिसले, मग खांदे. खांदे झाकणात अडकले, तेव्हा मामांनी त्याचा एक हात वर काढून त्याला तिरपा केला. चिखलात माखलेला प्रवीण जमिनीवर आला. ओठ निळे पडलेले. सायलीने त्याला कुशीवर केलं, बोटं घालून त्याचं तोंड साफ केलं, पाणी मारलं. त्याची छाती हलली. मग हलेना. मग पुन्हा हलली.

अँब्युलन्स अजून यायची होती. राधाकृष्णशेठ एकदम उठले. त्यांची पांढरी मोटार भिंतीशी उभी होती, नवी कोरी, आतल्या बैठकीवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. त्यांनी मागचं दार उघडलं आणि स्वतः प्रवीणचे पाय धरले. "घाला आत. बघत काय बसलात?" सायली भावाचं डोकं मांडीवर घेऊन तशीच हळदीच्या अंगाने बसली, रंगनाथमामा पुढे. मोटार धुरळा उडवत नगरच्या रस्त्याला लागली.

मग तिथे मी आणि मच्छिंद्र, दोघंच उरलो. माझा पंप चालूच होता, तो मच्छिंद्रने बंद केला आणि तो भिंतीला टेकून खाली बसला. एवढ्यात चांगुणाबाई आल्या. त्यांना वाटेतच कुणीतरी सांगितलं असावं. त्या मडगार्डपाशी आल्या, घडी घातलेला सदरा उचलला, छातीशी धरला. मग माझ्या पाइपाकडे वळल्या.

"तू हुतीस ना हितं?" त्या मला म्हणाल्या.

माझ्याशी आजवर कुणी असं बोललं नव्हतं. मी होते. मी असून तो उतरला होता.

पुढचं मला रंगनाथमामांच्या तोंडून कळलं. पंप बिघडल्याने मी कार्यालयामागेच उभी होते. ते रोज नगरहून येत आणि माझ्या पायरीवर बसून मच्छिंद्रला हकीकत सांगत. प्रवीणच्या नाकाला नळी होती, तो डोळे उघडत नव्हता. सायली दवाखान्याच्या दारातून हलली नाही. त्याच संध्याकाळी तिचा नवरदेव सम्राट घरच्यांना घेऊन तिथे आला. काही वडीलधारी म्हणत होती, पाहुणे आलेत, जेवण शिजलंय, लग्न साधेपणाने उरकून घेऊ. सम्राटने सायलीला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

"दादा चालत आला की लागंल," ती म्हणाली.

सम्राट त्या वडीलधाऱ्यांकडे वळला आणि म्हणाला, "मग तसंच." शिजलेलं जेवण वस्तीत वाटलं गेलं. कमानीवरची अक्षरं उतरवली. पुढच्या मुहूर्ताला तिथे दुसऱ्या कुणाची तरी नावं लागली.

प्रवीणने डोळे उघडायला वेळ घेतला, उठून बसायला त्याहून जास्त. त्याचा आवाज घोगरा झाला तो झालाच. पण तो उठला. लग्न विहाराच्या अंगणात लागलं, आणि घरापासून विहारापर्यंत तो मधे दोनदा थांबत, पण कुणाचाही हात न धरता चालत गेला. राधाकृष्णशेठ त्या लग्नाला आले होते. मागच्या रांगेत बसले, जेवले, आणि जाताना चांगुणाबाईंपुढे हात जोडून उभे राहिले. चांगुणाबाई म्हणाल्या, "टाकीवर जाळी बशीवली का?" शेठ म्हणाले, "बसवली." "मग जावा आता," त्या म्हणाल्या.

माझी दुरुस्ती झाली. पंप खोलला, दांडा तेलात बुडवून मोकळा केला. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, याला खाली कुणी पाठवलं? प्रवीण म्हणाला, कुणी नाही. ते खरंच होतं. मित्रांनो, माणसाला टाकीत उतरवायला हुकूम लागतोच असं नाही. दोन माणसं हसली आणि बाकीची गप्प राहिली, तरी पुरतं.

आता मी तुमच्या शाळेत आले आहे. तुमच्या शौचालयाची टाकी भरलीय म्हणून. तुम्ही सगळे वर्गातून पळत बाहेर आलात, तेव्हा प्रवीण काय करत होता ते पाहिलंत का? मैदानावर पट्टे आखायला ठेवलेली तुमच्या सरांची फक्की त्याने मागून घेतली आणि झाकणाभोवती मोठं गोल रिंगण ओढलं. तो म्हणाला, "ह्या रेघेच्या आत कुनी यायचं न्हाई." तुमच्यातल्या एका मुलीने विचारलं, "तुम्ही पण नाही?" तो त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी बी न्हाई."

तुम्ही लहान आहात, पण एवढं तुमच्या हातात आहे. संडासात कापड, पिशवी, पुडी टाकू नका. ती नाहीशी होत नाही, कुणाच्या तरी श्वासाच्या आड येऊन बसते. तुमच्या गावच्या गाडीची, पंपाची, दांड्याची निगा राखली जाते का, हे मोठ्यांना विचारत जा. ते पुढच्या महिन्यात म्हणाले तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. आणि कुठे कुणी माणूस झाकणाशी सदरा काढताना दिसला, तर बघत उभे राहू नका. त्याला हाक मारा. तो हसण्यावारी नेईल, रागावेलही. तरी मारा.

बघा, रंगनाथमामांनी पंप चालू केला. मागे सरा, मित्रांनो. अजून थोडं मागे.